चतुरचा डावा पंख

१

सोमवारी सकाळी पद्मजाताईंनी पेटीचं कुलूप काढलं, काचेचं झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. मी दारात झाडू घेऊन होतो. झाकणाची काच पेटीच्या कडेवर बारीक वाजत होती. एवढा वेळ त्या गप्प कशा, म्हणून मी पुढं गेलो.

पेटीत चतुर होता. त्याचा डावीकडचा पुढचा पंख बुडाशी फाटला होता. चीर बोटाच्या पेराएवढी, कडा ओबडधोबड, आणि खाली पंखाच्या पापुद्र्याचे दोन-चार कण पडलेले.

"नाथाबाबा," ताई म्हणाल्या, "हा कुणीतरी कापलाय."

चतुर म्हणजे भाताच्या खाचरावर तरंगतो तो चार पंखांचा किडा. आमचा चतुर मात्र माणसांनी केलेला. त्याचं वजन सतरा ग्रॅम. पंखांचा पापुद्रा कांद्याच्या आतल्या सालीपेक्षा पातळ, आणि त्यातल्या शिरा केसाएवढ्या जाड. सेकंदाला चौदा वेळा पंख हलतात. माझं उभं आयुष्य मेंढरांमागं रानात गेलं, घारी-ससाणे पुष्कळ पाहिले. तरी हे पाखरू पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा मी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. काठी घेऊन त्याच्यासमोर उभं राहणं बरं वाटेना.

उत्रोलीच्या बंद पडलेल्या भातगिरणीत हा कारखाना ताईंनी काढला. दरड कोसळून घर गाडलं गेलं की आत जिवंत कोण आहे ते बाहेरून कळत नाही. पात्यांचं ड्रोन आत नेलं तर पातं भिंतीला लागतं आणि मोडतं. चतुरचा पंख मऊ. भिंतीला घासला तरी तो सावरून पुढं जातो, आणि पोटाशी तिळाएवढा कॅमेरा असतो. तो बघायला बुधवारी सकाळी नऊ वाजता पुण्याहून समिती येणार होती.

पेटीच्या किल्ल्या दोन. एक ताईंकडं, दुसरी प्रांजलकडं.

प्रांजल तेव्हाच आत आली. ताईंनी तिला पेटीसमोर उभं केलं आणि विचारलं, "या पंखाला तू हात लावला होतास का?"

प्रांजलनं पंखाकडं पाहिलं, मग ताईंकडं. पण ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

२

प्रांजल वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवस्तीतली. आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी इथं आली. आठवडाभर भोरला खोलीवर राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी जायची. चतुरचे पंख तीच करते. पापुद्रा काचेवर ताणायचा, शिरा चिकटवायच्या, कडा कापायच्या. एका पंखाला चार-पाच तास लागतात. हे काम पुण्याहून आलेल्या दोन शिकलेल्या मुलांना जमलं नव्हतं. हिला जमलं.

पण केलेला पंख चतुरला बसवायचा, हे काम ताईंचं. पहिला चतुर त्यांनी एकटीनं केला, तेव्हापासूनची ही रीत. दोन हातांत दोन चिमटे घ्यायचे, उजव्या हातानं उजवा पंख आणि डाव्या हातानं डावा पंख एकाच दमात खोबणीत दाबायचा. म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा बसतो. त्या वेळी बाकीच्यांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

त्या सकाळी ताईंनी प्रांजलची पिशवी उघडायला लावली. पिशवीत पंखाच्या पापुद्र्याचे कापलेले तुकडे निघाले. शिवाय शुक्रवारी पुण्याच्या एका कंपनीतली सोनिया नावाची बाई येऊन गिरणीबाहेर प्रांजलशी अर्धा तास बोलली होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ती कंपनीही असलंच काही उडवायच्या मागं आहे, असं चतुर उडवणारा मंदार म्हणाला.

"सध्या घरी राहा," ताई म्हणाल्या. "बुधवारनंतर बघू." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. प्रांजलनं किल्ली टेबलावर ठेवली, ताईंना वाकून नमस्कार केला आणि ती गेली. मी तिच्या वस्तीपासून दोन डोंगर अलीकडचा. अशी गेलेली पोर वस्तीवर परत गेली की काय बोललं जातं, ते मला ठाऊक आहे. ती कारखान्यातून चोर ठरून आली, एवढंच लोकांच्या लक्षात राहील.

दुपारी मी भोरला श्रीपादरावांकडं गेलो.

३

श्रीपादराव वजनमापं खात्यात निरीक्षक होते. भोर, किकवी, वेल्हं, सगळ्या बाजारांतले तराजू तपासत त्यांची नोकरी गेली. पारड्याखाली चिंच चिकटवणारे, काट्यात शिसं भरणारे असे किती तरी त्यांनी पकडले, पण कुणाला चारचौघांत चोर म्हणाले नाहीत. वजन जप्त करायचे, पावती द्यायचे आणि निघायचे. ताईंच्या घराशेजारीच ते राहतात.

माझ्याबरोबर गिरणीत येताना त्यांनी खिशातून भिंग आणलं होतं. ताईंनी चहा सांगितला. मी तीन पेले आणले. ताईंनी आपला पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि थंडी वाढल्याचं त्या म्हणाल्या. मार्गशीर्ष होता, थंडी होतीच. श्रीपादरावांनी आधी पेटी पाहिली. बिजागरीच्या स्क्रूंवरचा रंग जसाच्या तसा होता, म्हणजे पेटी किल्लीनंच उघडली गेली होती. झाकण आणि कडेच्या मध्ये मात्र कागद जाईल एवढी फट होती. पेटीच्या डाव्या अंगाला ताईंच्या जुन्या पुस्तकांचं कपाट. त्यातलं एक पुस्तक काढून त्यांनी पाठीचा शिवणीकडचा भाग पाहिला आणि परत ठेवलं. मग भिंग घेऊन पंखावर वाकले.

"शिरा शाबूत आहेत," एवढंच ते बोलले.

मंदारला त्यांनी बाजूला घेतलं. मंदारचं काम गणिताचं. सेकंदाला चौदा वेळा पंख हलतो तेव्हा प्रत्येक फडफडीत काय काय होतं ते सगळं मोजता येत नाही, म्हणून तो एका फडफडीची सरासरी काढतो आणि त्यावरून चतुर पुढच्या क्षणी कुठं कलणार ते आधी ठरवतो. चतुरच्या पोटातला नखाएवढा कॉम्प्युटर मग कलायच्या आधीच त्याला सावरतो. मला हे लगेच कळलं. मेंढरू वाट सोडल्यावर वळवणारा नवशिका असतो. ते मान कुठं करतंय यावरून ओळखायचं असतं.

मंदारवर मला संशय होता. समितीची तारीख पुढं ढकला म्हणून त्यानं ताईंशी गुरुवारीच वाद घातला होता. श्रीपादरावांनी कारण विचारलं तेव्हा तो ओशाळला.

तीन आठवड्यांपासून चतुर डावीकडं ओढतोय, असं त्यानं सांगितलं. रोज नाही. सकाळी नऊला ओढतो, दुपारी बाराला सरळ उडतो. धुकं असलं की जास्त. गणितात कुठंच कारण सापडेना, म्हणून त्यानं समीकरणात आपल्या मनानं एक आकडा घातला. सकाळी तो आकडा ठेवायचा आणि दुपारी काढायचा. समितीनं विचारलं हा आकडा कसला, तर सांगणार काय? म्हणून तारीख पुढं हवी होती.

"त्या आकड्याला नाव काय दिलंय?" श्रीपादरावांनी विचारलं.

"सकाळचा हट्ट," मंदार म्हणाला.

श्रीपादराव हसले. मग परत गंभीर झाले. "कात्री हातात घेऊन घातपात करणारा माणूस तीन आठवडे रोज सकाळी येऊन दुपारी सुट्टी घेत नाही. नाथा, प्रांजलची गाडी किती वाजता?"

४

प्रांजल भोरच्या स्टँडवर वेल्ह्याकडच्या एसटीची वाट बघत बाकावर बसली होती. श्रीपादराव तिच्याशेजारी बसले आणि आधी गाडी किती उशिरा येते, घरी मेंढरं किती, असलंच बोलत राहिले.

सोनियाबाईनं पुण्याला चल म्हटलं होतं, हे तिनं आपणहून सांगितलं. खोली देते, म्हणाली. हिनं नको म्हणून सांगितलं. पापुद्र्याचे तुकडे हात बसावा म्हणून घरी नेत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटाव्यात अशाच होत्या, आणि सोनियाबाईला तिथूनच फोन लावल्यावर पहिली खरी ठरलीही. त्या बाई म्हणाल्या, मुलगी हट्टी आहे, आणखी विचारून बघा.

मग श्रीपादरावांनी विचारलं, "पंखाचं काय?"

"म्या तो कापला न्हाई, काका."

"हात लावला होता का?"

ती समोरच्या फलाटाकडं बघत राहिली. गाडी लागली तशी उठली. चढताना मला म्हणाली, "नाथामामा, ताईंना चहा अर्धाच पेला देत जा. भरून देऊ नका."

गाडी गेल्यावर मला आठवलं ते सांगू की नको, असं झालं. पण न सांगून तिचं भलं होणार नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी मी याच स्टँडवर तिला गाडीत बसवलं होतं. त्या दिवशी तिच्याकडं दोन डबे होते. जेवणाचा पिशवीत, आणि दुसरा मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. गर्दी होती, एकानं डबा वर फळीवर ठेव म्हटलं, तर तिनं दिला नाही.

श्रीपादरावांनी डबा केवढा होता ते विचारलं. मी हातानं दाखवलं.

"त्यात चतुर बसेल," ते म्हणाले.

चतुर गिरणीबाहेर न्यायचा नाही, हा ताईंचा पहिला नियम होता.

५

मंगळवारी सकाळी सात वाजता गिरणीत धुकं शिरलं होतं. खाचरं कापून झाली होती, धस्कटांवर दव होतं. श्रीपादरावांनी चतुरचे पुढचे दोन्ही पंख मंदारकडून अलगद सोडवून घेतले. आमच्याकडं मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे, काचेच्या घरातला, श्वास लागला तरी आकडा बदलतो. दोन्ही पंख त्यांनी एकेक करून तोलले, आकडे कागदावर लिहिले आणि कागद घडी करून खिशात टाकला. मंदारला सांगितलं, बारा वाजता ऊन पडल्यावर पुन्हा तोल, आकडे लिही, ताईंना दाखवू नको.

मग आम्ही त्यांच्या जुन्या गाडीनं वेल्ह्याकडं निघालो. वाटेत त्यांनी मला एका वाण्याची गोष्ट सांगितली. त्याचा तराजू सुताच्या दोऱ्यांचा होता. पावसाळ्यात एका बाजूचं माप जड भरायचं आणि उन्हाळ्यात बरोबर. लोक म्हणायचे वाणी लबाड. यांनी दोऱ्या तपासल्या. एका बाजूची दोरी तुटली होती म्हणून त्याच्या बायकोनं जाड सुताची नवी लावली होती. ती ओल जास्त प्यायची.

"माणूस लबाड नव्हता?" मी विचारलं.

"तो होता," श्रीपादराव म्हणाले. "पण त्या बाबतीत नाही."

वस्तीवर पोचायला साडेदहा झाले. प्रांजल शेरडं घेऊन गेली होती. घरात तिची चुलती भागूबाई होती. घोंगडी विणणारी ही त्या बाजूची आता एकटीच. अंगणात तिनं लोकरीचा ताणा पसरला होता आणि कुंच्यानं त्यावर चिंचोक्याची खळ मारत होती. लोकरीचं सूत असं खळीनं ताठ करावं लागतं, नाहीतर मागावर तुटतं.

श्रीपादराव ताण्यापाशी गेले. वाळलेल्या टोकाला हात लावला, मग ओल्या टोकाला. भागूबाईनं विचारलं, "काय बगताय? घोंगडी घ्यायची व्हय?"

"घेईन की," ते म्हणाले. "खळ वाळली की दिसत नाही, नाही का?"

"दिसंल कशी? चांगली गाळल्यावर पान्यावानी व्हती."

आत वळचणीला सुतावर पंखाच्या पापुद्र्याचे आठ-दहा तुकडे लटकत होते. प्रत्येक तुकडा चिरून पुन्हा जोडलेला. पहिल्याचा जोड जाड, दुसऱ्याचा कमी, आणि शेवटच्या दोन तुकड्यांवर जोड कुठं आहे ते मला शोधूनही दिसेना. श्रीपादरावांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग भागूबाई आपणहून बोलली. तीन आठवड्यांमागं पोरगी डबा घेऊन आली. दिवसभर उन्हात बसून कसलंतरी पाखरू मांडीवर घेऊन लोकरीच्या एका धाग्यानं त्याला खळ लावत होती. "म्या म्हनलं, माशीचा पंख सांधतीस व्हय गं? तर हसली बी न्हाई. म्या इचारलं, मोडला कुनी? म्हनली, ज्येच्याकडनं मोडलाय त्येला ठावं न्हाई, काकू. आन् ठावं हू द्यायचं बी न्हाई."

मी श्रीपादरावांकडं पाहिलं. माझ्या मनात मंदारच आला. चतुर उडवतो तोच, भिंतीला आपटला असेल त्याच्याच हातून. मी तसं म्हटलं.

"आपटला असता तर शीर मोडली असती," ते म्हणाले. "चीर खोबणीपाशी आहे."

मला त्याचा अर्थ लागला नाही. त्यांना लागला होता, पण चेहरा असा झाला होता की जणू तो लागायला नको होता.

६

प्रांजलला घेऊन आम्ही चारला गिरणीत आलो. ताई टेबलापाशी बसल्या होत्या. तिला पाहून त्या उठल्या नाहीत.

श्रीपादरावांनी मंदारचा कागद मागितला आणि खिशातला कागद त्याच्याशेजारी ठेवला. उजव्या पंखाचं वजन सकाळी आणि दुपारी तंतोतंत सारखं होतं. डावा सकाळी दोन मिलिग्रॅम जड होता.

"हा पंख ओल पितो," ते म्हणाले. "पापुद्रा प्लास्टिकचा आहे, तो पीत नाही. शिरा पीत नाहीत. तुमचा गोंदही नाही. म्हणजे याच्यावर चौथी वस्तू आहे. चिंचोक्याची खळ."

मग त्यांनी भिंग मंदारच्या हातात दिलं. चिरेच्या कडेला बारीक खरवडल्याचे ओरखडे होते. पात्यानं कापलं असतं तर कड सरळ आली असती आणि शीरही तुटली असती. इथं शिरेला सोडून फक्त खळीचा पट्टा खाल्ला होता. श्रीपादरावांनी कपाटातलं ते पुस्तक काढून उघडलं. शिवणीतून एक चंदेरी किडा सरसर पळाला, शेपटीला तीन केस.

"कसर. बांधणीची खळ खाते आणि पुस्तक सोडते. आमच्या खात्यातली निम्मी रजिस्टरं हिनंच सोडवली. झाकणाच्या फटीतून ही आत गेली. ताई, तुमचा चोर हा."

मंदार एकदम टेबलावर बसला. "सकाळी खळ मऊ पडायची. डावा पंख ढिला, जोर कमी. म्हणून डावीकडं ओढायचा." तो हसायला लागला. "तीन आठवडे मी समीकरणाला दोष देतोय. ते बिचारं बरोबरच होतं."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी प्रांजलला विचारलं, "चतुर बाहेर नेलास?"

"व्हय, ताई."

"पंख आधीच चिरलेला होता?"

"व्हय."

"मग नवा का नाही केलास? पाच तासांचं काम."

श्रीपादराव खिडकीकडं वळले.

"कुणी चिरला?" ताईंनी विचारलं.

"माज्याच हातनं, ताई," प्रांजल म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं ते कुणालाच खरं वाटलं नाही.

ताईंनी श्रीपादरावांकडं पाहिलं. "भाऊ, तुम्हाला माहीत आहे."

"मी वजन सांगितलं," ते खिडकीतूनच म्हणाले. "पुढचं माझ्या कामात येत नाही."

ताईंनी डावा पंख चिमट्यात उचलला आणि भिंगाखाली धरला. भिंगाखाली पंख हलत होता. त्या हळूहळू, आम्हाला सांगावं तसं बोलू लागल्या. चीर खोबणीपाशी आहे. खोबणीपाशी जोर फक्त बसवताना लागतो. नवा पंख केला असता तर तो बसवायला मला सांगावं लागलं असतं, म्हणून तिनं केला नाही. पंख मी बसवते. उजवा उजव्या हातानं.

एवढं बोलून त्या थांबल्या. चिमटा डाव्या हातात होता.

वाजणारी काच, दोन तळव्यांत धरलेला पेला, अर्धा चहा, हे सगळं मला तेव्हा एकदम कळलं. राग नव्हता तो आणि थंडीही नव्हती. त्यांचा डावा हात कापत होता, आणि कधीपासून ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी," प्रांजल म्हणाली. "पंख बसवायचा मान तुमचा हाय, ताई. म्या मधी कशी पडू?"

"मी तुला चोर म्हटलं. तरी बोलली नाहीस."

"तुमी चोर न्हाई म्हनला. घरी राहा म्हनला."

ताईंनी चिमटा टेबलावर ठेवला. मग पुन्हा उचलला आणि दोन्ही चिमटे प्रांजलच्या हातात दिले. "नवा पंख कर. आणि तूच बसव."

प्रांजलनं ते घेतले नाहीत. ताई तसाच हात पुढं करून उभ्या राहिल्या. चिमट्यांची टोकं एकमेकांवर बारीक वाजत होती. शेवटी तो आवाज थांबावा म्हणून तिनं ते घेतले.

७

बुधवारी धुकं दाट होतं. समितीतले तिघं स्वेटर घालून भिंतीला टेकून बसले. मंदारनं समीकरणातून तो आकडा काढून टाकला होता आणि सकाळपासून तो उगाच शीळ घालत होता. प्रांजलनं त्यांच्यासमोर पंख बसवले. दोन चिमटे, एक दम. मी श्वास हळू घेतला.

चतुर उठला. तीन आठवडे सकाळी त्याचा आवाज भसाडा यायचा आणि मी माझ्या कानांना दोष द्यायचो. आज तो मधमाशीसारखा सरळ होता. पडलेलं घर म्हणून रचलेल्या पत्र्याच्या ढिगातल्या वीतभर फटीतून तो आत गेला, पंख दोनदा पत्र्याला घासला, सावरला, पलीकडून बाहेर आला. आत माणूस म्हणून ठेवलेल्या बाहुलीचं तोंड पडद्यावर दिसलं. समितीतले म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले.

उतरायला त्याच्यासाठी एक फळी मांडली होती. ताई फळीपाशी गेल्या, ती बाजूला केली आणि तिथं आपला डावा हात धरला. मंदारनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या मानेनं हो म्हणाल्या.

चतुर हातावर वीतभर उंचीला थांबला. खाली तळवा कापत होता. तो थोडा डावीकडं गेला, थोडा उजवीकडं, हाताबरोबर हलला, हात कुठं जाणार ते ओळखल्यासारखा त्याच्या आधी तिथं गेला, आणि खाली येऊन तळव्यावर बसला. पंख मिटले. हात कापतच होता आणि तो पडला नाही.

म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, परीक्षा अवघड व्हावी म्हणून हात मुद्दाम हलवत होतात ना?"

"नाही," ताई म्हणाल्या. "माझा हात असाच आहे."

मग त्यांनी प्रांजलला पुढं बोलावलं आणि चतुर तिच्या ओंजळीत दिला.